वाचता न येणारा कागद : पैशाची भाषा कोणाची?

१/ बँकेत जायचे तर थोडेफार इंग्रजी हवेच, हा समज महाराष्ट्रात इतका रुजला आहे की त्याला कोणी प्रश्नही विचारत नाही. ‘बँकेसाठी उपयुक्त इंग्रजी’ शिकवणाऱ्या पुस्तिका निघतात, वर्ग चालतात, चित्रफिती फिरतात. खाते उघडणे, पैसे भरणे, काढणे, पाठवणे यांची इंग्रजी वाक्ये पाठ करवून घेतली जातात. इंग्रजी शिकण्यात वाईट काहीच नाही. परंतु या समजामागे इतिहासाविषयीचे जे गृहीत दडले आहे ते खोटे आहे, आणि त्या खोट्याची किंमत सामान्य खातेदार आजही मोजतो आहे. हा धागा त्या गृहीताविरुद्ध.

२/ गृहीत असे : बँकिंग ही इंग्रजांनी आणलेली विद्या, म्हणून तिची भाषा इंग्रजी. मराठीत त्यासाठी शब्दच नव्हते. सबब ज्याला ती भाषा येत नाही त्याने ती शिकावी, नाहीतर दुसऱ्याच्या भरवशावर सही करावी. यांतील पहिली दोन विधाने इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत आणि तिसरे न्यायाच्या.

३/ आरंभ चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखापासून करता येतो. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा हा लेख आहे. कुळाची आणि विद्वत्तेची स्तुती संस्कृतात कोरली आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठासाठी काय द्यायचे, हा तपशील येताच मात्र लेख मराठीत उतरतो. स्तुती सर्वांना कळली नाही तरी चालते. देणे ज्याने द्यायचे त्याला कळावेच लागते. आठशे वर्षांपूर्वीच्या कोरक्याला जे उमगले होते, ते आजच्या अर्जाचा मसुदा करणाऱ्याला उमगत नाही.

४/ पुढे हुंडी. एका गावच्या सराफाने दुसऱ्या गावच्या सराफाला लिहिलेला, अमुक रक्कम अमुक माणसास द्यावी अशा आज्ञेचा कागद. मराठेशाहीत दूरच्या मुलखातली वसुली नाण्यांच्या थैल्यांनी आणणे धोक्याचे आणि खर्चाचे होते. तेथे हुंडीने काम होई. या सोयीसाठी सराफ जी आकारणी करी तिला ‘हुंडणावळ’ म्हणत. आज पैसे पाठवताना शुल्क कापले जाते तेव्हा ते कसले, हे न कळणारा नातू ज्या आजोबांना अडाणी समजतो, त्यांच्या बोलीत त्यासाठी एक नेमका शब्द होता.

५/ हुंडीचे प्रकार पाहिले की ही व्यवस्था किती बारकाईने विचारलेली होती ते दिसते. दाखवताच पैसे देय ती ‘दर्शनी’; ठरावीक दिवसांनंतर देय ती ‘मुदती’. जो दाखवील त्याला द्यायची ती ‘देखावणार जोग’. केवळ प्रतिष्ठित सराफामार्फतच पटणारी ती ‘शाहजोग’. रेघा मारलेल्या आजच्या धनादेशाशी तिचे जवळचे नाते लागते. ‘जोखमी’ हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देय होत, म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदात. हुंडी हरवली तर दुसरी प्रत ‘पेठ’ आणि तीही हरवली तर तिसरी ‘परपेठ’.

६/ रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, शिवाय तिचे निमे किती आणि त्या निम्म्याची दुप्पट किती हेही लिहीत. शंभराच्या हुंडीवर ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर’ अशा धर्तीचा मजकूर येई. फसवणुकीविरुद्धची ही तटबंदी समजायला कोणाला परकी भाषा शिकावी लागत नव्हती.

७/ शब्दसंपत्तीचे म्हणाल तर जमा, खर्च, नावे, बाकी, शिल्लक, तारण, गहाण, जामीन, व्याज, मुद्दल, वटाव, कीर्द, खतावणी ही यादी कितीतरी लांबवता येईल. पोतदार, मुजुमदार, फडणीस ही आडनावे म्हणजे खजिन्याच्या आणि हिशेबाच्या हुद्द्यांची अवशिष्ट रूपे आहेत. यातले पुष्कळ शब्द फारसी-अरबीतून आले, हे खरे. पण मराठीने ते पचवून आपले केले. ‘चेक वटला’ असे आजही जे म्हटले जाते, त्यात नाम परके असले तरी क्रियापद जुन्या पेढीवरचे आहे.

८/ इंग्रज हिंदुस्थानात आले ते बँकर म्हणून नव्हे, ऋणको म्हणून. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीला भांडवल कमी पडे, तेव्हा वीरजी व्होरासारख्या तिथल्या धनाढ्य व्यापाऱ्याकडून ती कर्ज घेई. ‘सराफ’ हा शब्द त्यांनी इतका उचलला की तो ‘श्रॉफ’ होऊन त्यांच्या कोशात बसला. शिष्याने गुरूकडून शब्द न्यावा आणि पुढे गुरूच्याच घरी येऊन ‘तुम्हाला ही विद्या नव्हती’ असे सांगावे, तसा हा प्रकार.

९/ इंग्रजी कायद्यालाही हे नाकारता आले नाही. धनादेश, वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र यांना नियमांत बांधणारा १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम पहिल्याच कलमात स्पष्ट करतो, की पौर्वात्य भाषेतील अशा दस्तऐवजांबाबतच्या स्थानिक रूढीला या कायद्याने बाध येत नाही. हुंडीची रूढी कायद्याच्या दारातच उभी आहे. मराठीत बँकिंग नव्हते म्हणणाऱ्याने निदान हे पहिले कलम वाचावे.

१०/ इंग्रजीची स्वतःची कथा तरी वेगळी आहे काय? ‘बँक’ हा शब्द मुळात इटलीतल्या पेढीवाल्यांच्या बाकड्याचा. लंडनमधील सावकारी पेठेचे नाव लोम्बार्ड स्ट्रीट, म्हणजे इटलीच्या लोम्बार्डी प्रांतावरून आलेले. दुहेरी नोंदीच्या हिशेबपद्धतीचे पहिले सविस्तर छापील विवेचन लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध केले. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने ते लोकांच्या इटालियन भाषेत लिहिले. हिशेब व्यापाऱ्याला कळायला हवा, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता.

११/ खुद्द इंग्लंडात न्यायालयाचे कागद शतकानुशतके लॅटिनमध्ये लिहिले जात. ज्यांच्यावर दावे होतात त्यांना आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हेच कळत नाही, अशी तक्रार होती. पार्लमेंटने १७३० साली कायदा केला आणि १७३३ पासून न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत होऊ लागले. लोकांनी लॅटिनचे वर्ग लावावेत, असा तोडगा कोणी काढला नाही. कागद लोकांच्या भाषेत आणला गेला.

१२/ येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘पूर्वी सारे मराठीत होते, म्हणून सारे आलबेल होते’ असे या इतिहासावरून म्हणणे हीसुद्धा फसवणूकच ठरेल. हुंडी व्यापाऱ्याला कळे. कुणब्याच्या वाट्याला जो कागद येई तो कर्जरोखा, आणि निरक्षर कुणब्याला मोडी लिपीतला रोखा आजच्या इंग्रजी करारनाम्याइतकाच परका होता. भाषा त्याची, पण लेखन त्याचे नव्हते. प्रश्न कागदाच्या जातकुळीचा नाही. ज्याच्यावर तो बंधनकारक आहे त्याला तो कळतो की नाही, एवढाच आहे.

१३/ १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की व्याज साठत जाऊन कुळ बुडू नये. सावकारांनी त्यावर सोपा उपाय शोधला : दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करायचा आणि त्यावर कुळाची निशाणी घ्यायची. रक्षणासाठी केलेला कायदाच फास झाला, कारण ज्याचे रक्षण करायचे त्याला कागद वाचता येत नव्हता.

१४/ हे गणित उदाहरणाने समजून घ्यावे. समजा कर्ज शंभर रुपये, दर दरमहा दोन टक्के. सरळव्याजाने तीन वर्षांत १७२ रुपये होतात. नवा रोखा १७२ चा. त्याचे आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६. पुन्हा नवा रोखा. नऊ वर्षे भरतात तेव्हा सुमारे ५०९. रोखा बदलला नसता तर त्याच दराने नऊ वर्षांत ३१६ झाले असते. जवळजवळ दोनशे रुपयांचा फरक केवळ दोन निशाण्यांनी पडला. कुणब्याला वाटे, जुनाच रोखा पुन्हा लिहिला जातो आहे.

१५/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे. बाजाराच्या गावी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि उठावाचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ठाऊक असलेल्या या उठावात माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर रोख होता. रोखे आणि हिशेबाच्या वह्या मागितल्या गेल्या, हाती आल्या तशा जाळल्या गेल्या. न वाचता येणाऱ्या कागदाला शेतकऱ्याने दिलेले ते उत्तर होते. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तोही अक्षरशत्रू राहिलेल्या शेतकऱ्याला लेखणीवाले कसे नागवतात हे दाखवण्यासाठी.

१६/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातील काही तरतुदी तरुण वाचकांनी लक्षपूर्वक पाहाव्यात. शेतकऱ्याने करावयाचा कर्जरोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याच्यासमोर वाचून मगच त्यावर निशाणी व्हावी. भरलेल्या पैशाची लेखी पावती मिळावी. वर्षाला हिशेबाचा उतारा मिळावा. शेतकऱ्याने मागितल्यास खातेपुस्तक मिळावे आणि ते वेळोवेळी भरून द्यावे.

१७/ पावती, वार्षिक उतारा, पासबुक. बँकेच्या खिडकीवर ज्या गोष्टी आज उपकारासारख्या हातात पडतात, त्या या मुलखात कायद्याने दिलेल्या हक्क म्हणून नोंदल्या गेल्या, आणि त्यांच्यामागे सुप्याची धग होती. या कायद्यातून पळवाटा निघाल्या, सावकारी संपली नाही, हे खरेच. तरी एक तत्त्व त्याने मान्य केले : कागद समजावून देण्याची जबाबदारी कागद करून घेणाऱ्या व्यवस्थेची आहे. कुणब्याने आधी मोडी शिकून यावे, असे त्या परकी सरकारनेही म्हटले नाही.

१८/ यावर आक्षेप येतो की इंग्रजी येणारा निदान फसत तरी नाही. मुंबईच्या इतिहासाने हा आक्षेप केव्हाच निकालात काढला आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे इंग्रजीतच चालत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध थांबताच सारा डोलारा कोसळला. बेसुमार कर्जे दिलेली ती बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तिचे संचालक आणि बडे कर्जदार यांना इंग्रजी उत्तम येत होते. भाषा आल्याने कागद वाचता येतो. शहाणपण येतेच असे नाही. पण कागद वाचताच आला नाही, तर शहाणपणाला वावच उरत नाही.

१९/ सत्तेला स्वतःला गरज असते तेव्हा तिला लोकांची भाषा बरोबर आठवते. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. लोकांचा विश्वास नाण्यावर, कागदावर नाही. म्हणून त्या आरंभीच्या नोटांवर किंमत देशी भाषांतही छापली गेली. तीच परंपरा आजच्या नोटेवर आहे : इंग्रजी आणि हिंदीखेरीज पंधरा भाषांची पट्टी, तिच्यात वरून आठवी ओळ मराठी. नोट चालावी म्हणून पंधरा भाषा. कर्जाच्या करारावर सही घेताना मात्र एकच भाषा पुरते, ही विसंगती डोळ्यांत भरणारी आहे.

२०/ नियम नाहीत असेही नाही. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते बँक खेड्यापाड्यांत नेण्याच्या घोषणेनेच. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सामान्य ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असायला हवे. धनादेश मराठीत लिहिता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य अटींचे जे विवरणपत्र सक्तीचे झाले, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असा दंडक आहे. १८७९ चेच तत्त्व नव्या कपड्यांत आले आहे. उणीव आहे ती मागणाऱ्यांची. ज्याला हक्क ठाऊक नाही तो ‘इंग्रजी येत नाही हो’ म्हणून ओशाळतो आणि दाखवतील तेथे सही करतो.

२१/ या ओशाळेपणाची किंमत किती? ‘फ्लॅट रेट बारा टक्के’ हे चार शब्द घ्या. एक लाखाचे कर्ज, बारा हप्ते, वर्षाचे व्याज बारा हजार. हप्ता ९,३३३ रुपयांचा. ऐकायला सरळ. पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते. म्हणून घटत्या शिल्लकेवर मोजला तर हाच दर सुमारे २१.५ टक्के पडतो. सुप्याच्या कुणब्याला नव्या रोख्यातले मुद्दल कळले नाही. त्याच्या पणतवंडाला ‘फ्लॅट’ कळत नाही. दीडशे वर्षांत कागदाची लिपी तेवढी बदलली.

२२/ मोबाइलवरचे व्यवहार पाहा. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचले. त्याबरोबर भामटेही पोहोचले. ‘तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ या एका वाक्यावर कित्येकांची खाती रिकामी झाली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. पडद्यावर ‘पे’ आणि ‘रिक्वेस्ट’ ऐवजी ‘द्या’ आणि ‘मागा’ असे ठळक लिहिलेले असते, तर भामट्याचे अर्धे काम अवघड झाले असते. ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’ यांत गोंधळणारी आजी ‘नावे’ आणि ‘जमा’ यांत कधी चुकत नाही.

२३/ मराठीच्या कैवाऱ्यांनीही आरशात पाहावे. बँकेला ‘अधिकोष’, क्लिअरिंगला ‘समाशोधन’, परत आलेल्या चेकला ‘अनादरित धनादेश’ म्हणणारी मराठी सामान्यांना इंग्रजीपेक्षा अधिक परकी वाटते. शिवछत्रपतींच्या काळात राजव्यवहारकोश सिद्ध झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, त्यात व्यापाराचा ‘पण्यवर्ग’ही होता. त्या कोशाचे मोल मोठे. तरीही जमा, बाकी, शिल्लक हे रूढ शब्दच टिकले, कारण ते तोंडात बसलेले होते. ‘बँक’, ‘चेक’, ‘पासबुक’ आता तसेच मराठी झाले आहेत. ‘चेक वटला नाही’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. समजणे हीच शुद्धतेची कसोटी. समजत नसेल तर देवनागरीत छापलेला कागदही मोडी रोख्याचाच भाऊबंद.

२४/ ‘बँकेसाठी इंग्रजी’ शिकवणाऱ्या पुस्तिकांना एकच प्रश्न विचारावा. नमस्कार कसा करावा, खाते उघडायची विनंती कशी करावी, हे त्या शिकवतात. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, हप्ता चुकल्यास आकारणी कशी, दर बदलता आहे की स्थिर, ही वाक्ये त्यांत का नसतात? नम्रतेची वाक्ये खातेदाराला शिकवायची आणि नेमका चावणारा मजकूर बारीक टाइपात ठेवायचा, याला शिक्षण म्हणत नाहीत. इंग्रजी जरूर शिकावे, जगाशी बोलण्यासाठी शिकावे. स्वतःचेच कर्ज समजून घेण्याची पूर्वअट म्हणून ते कोणावर लादले जाऊ नये.

२५/ कागद कळावा ही मागणी नवी नाही. पाटणच्या शिळेवर, सुप्याच्या बाजारात आणि १८७९ च्या कायद्यात ती नोंदलेली आहे. ज्या तरुणांना इतिहासाची आवड आहे त्यांच्यासाठी त्याचा उपयोग अगदी जवळ आहे. घरातील वडीलधारे पुढच्या वेळी बँकेत निघतील तेव्हा त्यांच्यासोबत जावे, अर्ज मराठीत मागावा, अटींचे विवरणपत्र समजेल अशा भाषेत मागावे, आणि ते वाचून होईपर्यंत सही करू नये. खिडकीमागून ‘एवढं काय वाचताय’ असे कोणी म्हटले, तर त्याला दीडशे वर्षांपूर्वी सुप्याला रोखे का जळाले ते शांतपणे सांगावे.